मानसोपचार क्लिनिक काढताना: नोंदणी, पावत्या, जीएसटी, मेडिक्लेम (फक्त महाराष्ट्र)

गोदाकाठी
प्रश्न नाशिकमधल्या एका होऊ घातलेल्या क्लिनिकचा आहे, पण उत्तरं राज्यात कुठेही उपयोगी पडतील. मंडळी तीन. एमडी सायकिॲट्रिस्ट, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि एमए सायकॉलॉजी करून समुपदेशन करणारे एक. तळमजल्यावर ओपीडी. वरच्या मजल्यावर दारू सोडवायला येणाऱ्यांसाठी चार खाटा टाकाव्यात असा विचार. शिवाय अंबडच्या एका कारखान्यात कामगारांसाठी ताणतणावावर सत्रं, वर्षाला साधारण १ लाख २० हजारांची. जागा भाड्याची, मालकाकडे जीएसटी नंबर नाही.

नोंदणी कुठली लागेल? पावती कोणाच्या नावाने फाडायची? जीएसटी लागतो का? आणि त्या चार खाटांवर मेडिक्लेम चालेल का?

खाटमोजणी
आधी खाटांचं ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) जिथे रुग्ण दाखल होतो किंवा ठेवला जातो त्याच जागेला 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणतो. तात्पुरतं ठेवलं तरी तेच. नुसती ओपीडी, थेरपीच्या खोल्या, चाचण्या, यांना कलम ६५ ची नोंदणी लागत नाही. एक खाट टाकली की लागते.

'आमचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, मानसिक रुग्णालय नाही' असं म्हणून सुटता येत नाही. कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था घेतलेल्या आहेत. संस्था ट्रस्टची असो, धार्मिक असो, आयुर्वेदाची किंवा योगाची असो, फरक पडत नाही. राज्यातली बरीच केंद्रं नेमकी इथेच उघडी पडतात.

अर्ज राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. ठरलेल्या नमुन्यात अर्ज आणि फी भरली की १० दिवसांत तात्पुरतं प्रमाणपत्र द्यायचं असं कायदा सांगतो, त्याआधी चौकशी नसते. ते १२ महिने चालतं. मुदत संपायच्या आधीच्या ३० दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा. कायम नोंदणी झाल्यावर दर ३ वर्षांनी ऑडिट.

नोंदणीशिवाय चालवलं तर कलम १०७: पहिल्यांदा ५,००० ते ५०,००० रुपये, दुसऱ्यांदा ५०,००० ते २ लाख, त्यापुढे दर वेळी २ ते ५ लाख. माहीत असूनही तिथे काम करणाऱ्या तज्ज्ञाला वेगळा २५,००० पर्यंत दंड. म्हणजे भाड्याच्या जागेत व्हिजिटला येणाऱ्या सायकॉलॉजिस्टनेसुद्धा भिंतीवरचं प्रमाणपत्र एकदा वाचून घ्यावं.

नर्सिंगहोमवाला
वरच्याला जोड. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे शुश्रूषागृहांचा १९४९ चा कायदा, म्हणजे सगळे ज्याला अजून 'बॉम्बे नर्सिंग होम' म्हणतात तो. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग नोंदणी देतो, ती ३ वर्षांची असते. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं.

या कायद्याखाली आधीच नोंद असलेल्या नर्सिंग होममध्ये मानसोपचाराच्या खाटा घेतल्या तरी प्राधिकरणाची नोंदणी वेगळी घ्यावीच लागते, कारण २०१७ च्या व्याख्येत जनरल हॉस्पिटल आणि नर्सिंग होमही धरलेत. एक कागद दुसऱ्याची जागा घेत नाही.

आणि गुमास्ता म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. तो दुकानाचा कागद. बँकेत चालू खातं उघडायला उपयोगी, उपचार करायला नाही. 'आमच्याकडे गुमास्ता आहे ना' हे उत्तर कुठल्याही तपासणीत चालत नाही.

मनोमन
एमए वाल्यांचं काय? आरसीआय नसेल तर प्रॅक्टिसच करता येत नाही असं सरसकट सांगितलं जातं.

पाटीवरचं_नाव
सरसकट नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही ओळख आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असलेल्यांची. नाव नसताना पाटीवर, लेटरहेडवर किंवा इन्स्टावर ती लावली तर आरसीआय कायदा १९९२ चं कलम १३ लागतं: एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड चिल्लर वाटेल, पण तक्रार ग्राहक आयोगात गेली की हाच मुद्दा पहिला काढतात.

एमए केलेल्याने 'समुपदेशक' लिहावं आणि समुपदेशन करावं. निदानाचा दाखला, बुद्ध्यांकाचा सहीचा अहवाल, कोर्टात द्यायचं प्रमाणपत्र यांत पडू नये. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत वर्तनविषयक आरोग्यसेवेत आरसीआयबाहेरचे सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक आणि सोशल वर्कर आलेले आहेत, नोंदणी राज्य परिषदेमार्फत. मार्कशीट, अभ्यासक्रमाचे तास, पर्यवेक्षणाखाली केलेल्या कामाचे दाखले आत्ताच जमवून ठेवा. महाविद्यालयाकडून दहा वर्षांनी तासांचा दाखला काढणं म्हणजे दिव्य.

सहसा कोणी सांगत नाही अशी आणखी एक गोष्ट. आरसीआयची नोंदणी आहे म्हणून तुम्ही २०१७ च्या कायद्याने आपोआप 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिॲट्रिक सोशल वर्कर आणि मानसिक आरोग्य परिचारिका यांना कलम ५५ खाली राज्य प्राधिकरणाकडे नाव नोंदवावं लागतं. ओपीडीत हा फरक जाणवत नाही. दाखल करण्याच्या कागदावर दुसरी सही करायची वेळ आली की जाणवतो.

औषध लिहायचं नाही हे कलम १०६ मध्ये आहेच. 'डॉक्टरांनी फोनवर सांगितलं म्हणून लिहिलं' हे त्यातच मोडतं.

आकडेमोड (सीए)
आता जीएसटी. सावकाश वाचा, यात लोक नाहक पैसे घालवतात.

आरोग्यसेवा करमुक्त आहे: २८ जून २०१७ ची अधिसूचना १२/२०१७, नोंद ७४. पण तिथे 'आरोग्यसेवा' म्हणजे आजाराचं निदान, उपचार किंवा शुश्रूषा, आणि देणारा क्लिनिक, अधिकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा पॅरामेडिक असला पाहिजे. सायकिॲट्रिस्टची फी करमुक्त. क्लिनिकने उपचाराचा भाग म्हणून दिलेली, क्लिनिकनेच बिल केलेली थेरपी करमुक्त. आजार नसताना केलेलं काम मात्र करपात्र, दर १८ टक्के: कारखान्यातली सत्रं, दहावीच्या मुलांची कल चाचणी, लाइफ कोचिंग, विद्यार्थ्यांकडून सुपरव्हिजनची फी. देणारी व्यक्ती तीच असली तरी.

नोंदणीची मर्यादा सेवांसाठी २० लाख. आणि इथे मेख आहे. निव्वळ करमुक्त काम करणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी नको (जीएसटी कायद्याचं कलम २३). पण एक रुपयाचं करपात्र काम आलं की ती सवलत जाते, आणि २० लाख मोजताना करमुक्त रक्कमही धरतात.

गोदाकाठी यांचंच उदाहरण घेऊ. समजा ओपीडी २८ लाख, कारखाना १.२ लाख. एकूण २९.२ लाख, २० च्या वर. ३० दिवसांत नोंदणी घ्यायची. कारखान्याच्या बिलावर २१,६०० कर, तो कारखाना देईल, त्याचं दुःख नाही.

दुःख भाड्याचं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणीधारकाने व्यापारी जागा भाड्याने घेतली तर १८ टक्के भाडेकरूने रिव्हर्स चार्जने भरायचे. भाडं महिना २५,००० धरा, वर्षाचे ३ लाख, कर ५४,०००. भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळणार फक्त करपात्र उलाढालीच्या प्रमाणात, म्हणजे साधारण ४ टक्के, सव्वादोन हजारांच्या आसपास. १.२ लाखांच्या सत्रांपायी पन्नास हजारांहून जास्त खिशातून गेले. वर दर महिन्याला किंवा तिमाहीला रिटर्न.

गोदाकाठी
बाप रे. मग सत्रं सोडून द्यायची?

आकडेमोड
सोडायची कशाला. समुपदेशकांनी स्वतःच्या पॅनवर घ्यावीत. त्यांची सगळी मिळून उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. मात्र हे खरं असायला हवं. करार कारखाना आणि समुपदेशक यांच्यात, पैसे त्यांच्या खात्यात, सत्र त्यांनी घेतलेलं. सत्र डॉक्टरांनी घ्यायचं आणि बिल दुसऱ्याचं, ही चलाखी करू नका. कारखाना टीडीएस कापतो तेव्हा कोणाला किती दिले ते आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात (एआयएस) दिसतंच.

टक्केवारी
तिघांत वाटणी कशी? सगळीकडे ७०:३० चालतं.

आकडेमोड
चालतं, पण पावती कोण फाडतो त्यावर सगळं फिरतं.

क्लिनिकने रुग्णाला १,५०० ची पावती दिली आणि सायकॉलॉजिस्टना १,०५० दिले, तर क्लिनिकचे पूर्ण १,५०० करमुक्त. हॉस्पिटलने स्वतःकडे ठेवलेला भागही आरोग्यसेवाच, हे फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. उलट सायकॉलॉजिस्टनी स्वतःच्या नावाने १,५०० घेतले आणि क्लिनिकला ४५० 'खोलीचे' दिले, तर ते ४५० क्लिनिकसाठी भाडं किंवा सहाय्य सेवा, म्हणजे करपात्र. लगेच वरचं सगळं गणित अंगावर येतं. पैसा तेवढाच, कागद उलटा.

क्लिनिक भागीदारी फर्म असेल तर व्हिजिटिंग व्यक्तीला वर्षात ५०,००० च्या वर फी दिल्यास १० टक्के टीडीएस, कलम १९४जे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदललेत. मी तोंडात बसलेले जुने देतोय. कलम ४४एडीएची अंदाजे नफ्यावर कर भरायची सोय (५० लाखांपर्यंत, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मं उत्पन्न नफा धरायचा) भागीदारी फर्मला मिळते, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नाही. आणि फर्मने ती घेतली की भागीदारांचा पगार त्या निम्म्यातून वेगळा वजा होत नाही. तिघे भागीदार होणार असाल तर हे आधी मांडून बघा. अनेकदा तिघे आपापल्या पॅनवर राहिलेलं बरं पडतं.

पाटीवरचं_नाव
टक्केवारीवर एक सावधगिरी. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना व्यावसायिक आचारसंहितेने (२००२ चे विनियम, ६.४) बंद आहे. खोली वापरायची तर ठरावीक मासिक रक्कम आणि लेखी करार ठेवा. 'प्रति रुग्ण इतके' असं लिहिलेला कागद मेडिकल कौन्सिलपुढे भाडं म्हणून पटवणं अवघड.

नोंदवही
पावतीबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही. एवढं असावं:

पावती क्र. / तारीख
रुग्णाचं नाव, केस क्र.
सेवा: मानसोपचार सल्ला, किंवा थेरपी सत्र (५० मिनिटं), किंवा मानसशास्त्रीय चाचणी
रक्कम, रोख की यूपीआय
उपचार करणाऱ्याचं नाव, पदवी, एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) किंवा आरसीआय क्रमांक
'आरोग्यसेवा, जीएसटीमुक्त'

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पावतीवर असणं २००२ च्या विनियमांत स्पष्ट आहे. लोक तो फक्त प्रिस्क्रिप्शनवर छापतात. रोख ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. निदान पावतीवर लिहायचं नाही. ती पावती ऑफिसच्या एचआरकडे, सोसायटीतल्या सीएकडे, कुठेही फिरते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेची जबाबदारी तुमची. विमा कंपनीला निदान हवं असेल तर रुग्णाच्या लेखी संमतीने वेगळा कागद.

आयकराची रोजची केस नोंदवही, जुन्या नियमांतला नमुना ३सी, यात 'सेवेचं स्वरूप' असा रकाना आहे. तिथे 'सल्ला' किंवा 'सत्र' पुरतं. थेरपीच्या नोंदी त्या वहीत किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कधीही ठेवू नका. हिशेब तपासणाऱ्याला पैसे बघायचा हक्क आहे, रुग्ण काय बोलला ते नाही.

पॅकेजवाल्यांसाठी: रुग्णाकडून तीन महिन्यांचे अडीच लाख रोख, तुकडे करून घेतले तरी एकाच प्रसंगाचे धरले जातात. जुन्या आयकर कायद्याच्या कलम २६९एसटीची रोखीची मर्यादा २ लाख, दंड घेतलेल्या रकमेएवढाच.

क्लेमदार
मेडिक्लेम. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१(४) सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच तत्त्वावर विमा द्यायचा. विमा नियामक आयआरडीएआयने १६ ऑगस्ट २०१८ ला कंपन्यांना तसं कळवलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. पण याचा अर्थ दाखल होऊन घेतलेले उपचार. ओपीडीची फी आणि थेरपी सत्रं पॉलिसीत ओपीडीचं कलम असेल तरच.

चार खाटांचं: पॉलिसीत 'हॉस्पिटल'ची व्याख्या असते. स्थानिक कायद्याखाली नोंद असेल (१९४९ चा आपला कायदा त्या यादीत आहे) तर खाटांचा आकडा आडवा येत नाही. नोंद नसेल तर दहा लाखांवर लोकसंख्येच्या गावात किमान १५ खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर वगैरे सगळं लागतं. नाशिक दहा लाखांच्या वर.

आणि बेत दारू सोडवण्याचा असेल तर हे आधी वाचा. पॉलिसीत काय धरत नाहीत त्या प्रमाणित वगळणुकीतलं १२ वं कलम: मद्य, अमली पदार्थ यांच्या व्यसनावरचे उपचार आणि त्यांचे परिणाम. निव्वळ डिटॉक्सचा (दारू उतरवण्याचा) क्लेम ही वगळणूक असलेल्या पॉलिसीत बसत नाही, रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा. खरा त्रास मिश्र केसेसना होतो. तीव्र नैराश्यासाठी दाखल झालेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर पूर्वेतिहासात 'कधीमधी मद्य' एवढं लिहिलं की विमा कंपनीच्या डेस्कवर बसलेला माणूस क्लेम फेटाळायला मोकळा. मद्य लपवायचं नाही, ते खोटं होईल. दाखल करण्याचं कारण, मुख्य निदान आयसीडी (आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) कोडसह, आत्महत्येचा धोका किती होता, दाखल न करता का भागलं नसतं, हे पहिल्या चार ओळींत लिहा. मद्याचं प्रमाण आणि त्याचा या आजाराशी संबंध आहे की नाही तेही स्पष्ट लिहा. मोघम वाक्यावरच क्लेम अडकतो.

कॅशलेससाठी मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकाने एक तासात प्राथमिक मंजुरी आणि डिस्चार्जला तीन तास ठरवून दिलेत. अर्ज पाठवल्याची वेळ ईमेलवर राहील असं बघा, फोनवर ठेवू नका.

खाटमोजणी
खाटा टाकणारच असाल तर दाखल करण्याचे कागद. सर्वांत जास्त चूक इथे.

रुग्ण स्वतःहून आला, समजून सही केली: कलम ८६. तो जातो म्हणाला की जाऊ द्यायचं. फार तर २४ तास थांबवता येतं, तेही तपासणीसाठी आणि कलमातली कारणं असतील तर. व्यसनमुक्तीवाल्यांचा 'तीन महिन्यांचा कोर्स, मधे सोडता येणार नाही' हा करार इथे कागदाच्या किमतीचा.

घरच्यांनी आणलं आणि रुग्ण तयार नाही: बायकोने किंवा भावाने फॉर्मवर सही केली म्हणून तो दाखल होत नाही. कलम ८९ लागतं. नामनिर्देशित प्रतिनिधीचा (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्याचा) अर्ज, आणि दोघांची स्वतंत्र तपासणी त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. एक सायकिॲट्रिस्ट, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा एमबीबीएस डॉक्टर. वर लिहिलेली कलम ५५ ची नोंदणी इथे लागते. मुदत ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, इतरांना ७ दिवसांत. अल्पवयीनांना वेगळी जागा, सोबत पालक, हे सगळं चार खाटांत जमत नाही, घेऊच नका.

दोन्ही तपासण्यांचे अहवाल एकाच हस्ताक्षरात, तीच वेळ, तीच वाक्यं, असे कागद मंडळापुढे आले तर 'स्वतंत्र' तपासणी झाली हे कोण मानेल?

गोळीबार
औषधांचं थोडक्यात. स्वतःच्या रुग्णाला डॉक्टरने औषध देणं ड्रग्ज नियमांच्या शेड्यूल के (सवलतींची यादी) मुळे चालतं, दुकान थाटायचं नाही आणि खरेदी परवानाधारकाकडूनच, बिलासकट. अल्प्राझोलॅम, झोल्पिडेम शेड्यूल एच१ मध्ये (नोंद ठेवून विकायची औषधं); केमिस्ट त्याची नोंदवही ३ वर्षं ठेवतो, त्यामुळे तुमचा क्रमांक आणि पत्ता वाचता येईल असा हवा. मेथिलफेनिडेट आणखी कडक अशा शेड्यूल एक्समध्ये: प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, टेलिमेडिसिनवर देता येत नाही.

डेपो (दीर्घकाळ असर राहणारं) इंजेक्शन देत असाल तर जैववैद्यकीय कचरा आलाच. सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, काचेची कुपी निळ्यात, रक्ताचा बोळा पिवळ्यात. ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत अहवाल. निव्वळ थेरपीच्या जागेला यातलं काही नाही.

सातासमुद्रापार
न्यू जर्सी, लंडनचे मराठी क्लायंट ऑनलाइन घेतले तर?

पाटीवरचं_नाव
अमेरिकेत रुग्ण ज्या राज्यात बसलाय तिथला परवाना लागतो, तुम्ही कुठे बसलात ते बघत नाहीत. न्यू जर्सीतल्या रुग्णावर उपचार म्हणजे न्यू जर्सीत प्रॅक्टिस. तो सुट्टीत पुण्यात असताना सत्र घेतलं तर गोष्ट वेगळी. दर सत्राच्या सुरुवातीला 'आत्ता कुठे आहात' विचारून नोंदवा. संकटात कोणाला फोन करायचा हे कळायलाही तेच लागतं.

नोंदवही
गोपनीयतेला एक अपवाद लिहायचा राहिला. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सत्रात कळलं तर पोक्सोच्या कलम १९ ने पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम २१: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. डॉक्टर, समुपदेशक, रिसेप्शनवरची व्यक्ती, कोणालाही सूट नाही. संमतीपत्रात हे मराठीत, पहिल्या पानावर छापा आणि पहिल्या सत्राआधी वाचून दाखवा.

गोदाकाठी
सगळ्यांचे आभार. खाटा तूर्त रद्द, ओपीडीच. तिघे आपापल्या पॅनवर, कारखाना समुपदेशकांकडे. सायकॉलॉजिस्टच्या सत्रांची पावती डॉक्टरांच्या क्लिनिकच्या नावाने. बरोबर ना?

आकडेमोड
बरोबर. तिघांचाही व्यवसाय कर वेगळा काढा, पीटीईसी (स्वतःच्या व्यवसायाची नोंदणी), वर्षाला २,५००, ३० जूनच्या आत. रिसेप्शनिस्टच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा असेल तर पीटीआरसी (मालक म्हणून नोंदणी) पण. बाईंचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर त्यांच्याकडून कापायचं काही नाही.